जाईबाईंची शाळा

नागपूरच्या समाजसुधारणेचा इतिहास सांगताना आम्ही बहुधा वकील-पुढाऱ्यांचीच नावे घेतो. जाईबाई चौधरी हमाल होत्या. १८९२ साली उमरेडला महार कुटुंबात जन्मलेल्या या बाईंनी कामठी-नागपूर रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहिली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना शिक्षिकेची नोकरी दिली; परंतु शिक्षिका अस्पृश्य असल्याचे कळताच पालकांनी मुले काढून घेतली आणि नोकरी गेली. शाळा मिशनची होती, हे आम्हा ख्रिस्ती जनांना विसरता येत नाही. जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरातच मुलींसाठी चोखामेळा शाळा उघडली. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या नागपूर अधिवेशनात त्यांना जेवणास वेगळे बसविण्यात आले. सुधारकांच्याच पंगतीत! जुलै १९४२ मध्ये दलित महिलांनी याच शहरात स्वतःची परिषद भरविली; अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या.