उडीला उरलेले दोन तास

डेव्हिड फिंचरच्या 'द गेम' (1997) या चित्रपटाच्या अखेरीस निकोलस व्हॅन ऑर्टन सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका उंच इमारतीवरून उडी मारतो. शेवट आधीच फोडला म्हणून रागावू नका. त्याला तिथवर कसं नेलं, हे पाहण्यातच खरी गंमत आहे. खालच्या वेळा पडद्यावरच्या, अंदाजाने धरलेल्या.

दोन तास बाकी
निकोलसचा (मायकेल डग्लस) अठ्ठेचाळिसावा वाढदिवस. गुंतवणुकीच्या धंद्यातला गडगंज माणूस, घटस्फोटित, भल्यामोठ्या वाड्यात एकटा. याच वयात त्याच्या वडिलांनी याच वाड्याच्या छपरावरून उडी मारली होती आणि छोट्या निकोलसने ती पाहिली होती. धाकटा भाऊ कॉनराड (शॉन पेन) त्याला 'सीआरएस' नावाच्या कंपनीच्या खेळाचं आमंत्रण भेट देतो.

दीड तास
सीआरएसच्या कचेरीत फॉर्म, मानसिक चाचण्या, वैद्यकीय तपासणी. वेळ फुकट गेला म्हणून साहेब वैतागतात. पण आपण कशाने चिडतो, कशाला भितो, हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून दिलंय! मग अर्ज नामंजूर झाल्याचा फोन येतो. त्यानंतर वाड्यासमोर एक लाकडी विदूषक पडलेला दिसतो, वडील पडले होते तसाच. तो घरात आणून बसवल्यावर टीव्हीवरचा बातमीदार थेट निकोलसशीच बोलू लागतो. ही भूमिका डॅनिएल शोर या खऱ्याखुऱ्या पत्रकाराने केली आहे.

सव्वा तास
माझ्या मते चित्रपटाचा खरा कडेलोट इथे, सिएटलच्या एका कचेरीत होतो. निकोलस अँसन बेअर या म्हाताऱ्या प्रकाशकाला नारळ द्यायला आलाय. वाटेत पेन गळून शर्टावर शाई सांडली आहे. कागद ब्रीफकेसमध्ये आणि ब्रीफकेस काही केल्या उघडत नाही. तो खटपट करतो, आपटतो. समोरचा म्हातारा शांतपणे बघत राहतो. अजून एक डॉलरही गेलेला नाही, पण दरारा गेला. फिंचरने गोळीबारापेक्षा या कुलपात जास्त भीती भरली आहे.

पाऊण तास
वाड्याची नासधूस. टॅक्सीचा ड्रायव्हर बाहेर उडी टाकतो आणि निकोलससकट गाडी खाडीत जाते. पोलिसांना घेऊन सीआरएसमध्ये जावं, तर कचेरी रिकामी.

अर्ध्या तासाहून कमी
स्विस खातं साफ झाल्याचं, या खेळात गाठ पडलेली वेट्रेस क्रिस्टीन (डेबोरा कारा उंगर) सांगते आणि वर गुंगीची कॉफी पाजते. जाग येते ती मेक्सिकोतल्या स्मशानात. परतीच्या पैशांसाठी वडिलांचं घड्याळ विकावं लागतं.

शेवटची मिनिटं
परतलेला निकोलस क्रिस्टीनला ओलीस धरून सीआरएसच्या इमारतीच्या गच्चीवर पोचतो. हातात पिस्तूल, तेही खरं. ते ओळखल्यावर क्रिस्टीनची गाळण उडते. दार उघडतं आणि तो गोळी झाडतो. समोर शॅम्पेन घेऊन आलेला कॉनराड कोसळतो. निकोलस कठड्याशी जातो आणि वडिलांच्या वाटेने निघतो.

उडीनंतर
काचेचं छप्पर फोडून तो हवेच्या गादीवर पडतो. खाली वाढदिवसाची मेजवानी, कॉनराड ठणठणीत. सीआरएसचा माणूस हुश्श करतो : तू उडी मारली नसतीस तर ढकलायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे सबंध आयुष्यातला हा एकमेव बेभान निर्णयही त्यांनी आधीच हिशेबात धरला होता. मला हा शेवट पटत नाही. एवढा बिनचूक अंदाज कोण बांधणार? पण हे निकोलसला विचारायचं सुचत नाही. तो बिल मागवतो, आकडा बघतो आणि भावाबरोबर निम्मं-निम्मं भरतो.