'मेणबत्ती' : शब्द आणि द्रव्य

'मेणबत्ती' या शब्दातील 'मेण' हे पूर्वपद संस्कृत 'मदन', प्राकृत 'मयण' या परंपरेतून आलेले असून त्याचा मूळ अर्थ मधमाशीच्या पोळ्यापासून मिळणारे द्रव्य असा आहे. शब्द टिकला, द्रव्य मात्र पालटले. जेम्स यंग याने १८५० मध्ये दगडी कोळशापासून पॅराफिन काढण्याच्या कृतीचे एकस्व घेतले. पुढे खनिज तेलापासून पॅराफिन विपुल मिळू लागले आणि मराठीने त्यासही 'मेण' असेच संबोधिले. वातीत ताठपणासाठी शिशाची तार घालीत. अशा वातींवर अमेरिकेने २००३ मध्ये बंदी घातली. तात्पर्य, नावावरून घटकद्रव्याचा निर्णय होत नाही.

या विसंगतीचे दारुण उदाहरण पिंपरी-चिंचवड परिसरातील तळवडे येथे आढळते. वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या, ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्यांच्या तेथील कारखान्यास ८ डिसेंबर २०२३ रोजी आग लागली. त्याच दिवशी सहा स्त्री-कामगार मृत्युमुखी पडल्या व पुढे मृतांची संख्या वाढली. अशा वस्तूत मेणाला गौण स्थान असते. तिचे कार्य शोभेच्या दारूसारख्या ज्वालाग्राही मिश्रणावर चालते. तरीही तिला 'मेणबत्ती' हे निरुपद्रवी नावच लाभले आहे.

घरासाठी नैसर्गिक, निर्विष मेणबत्ती निवडताना मेण कोणते व वात कशाची, हे पाहणे इष्टच होय. परंतु ती कोणाच्या हातांनी व कोणत्या परिस्थितीत घडली, हा प्रश्न वगळल्यास 'निर्विष' या विशेषणाचा अर्थ घराच्या उंबरठ्यापुरताच उरतो.