पाहणी आणि संरक्षण : सलीम अली यांच्या संशोधनकार्याचा एक विचार

मराठीत ‘गणना’ आणि ‘पाहणी’ हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थी योजले जातात. परंतु त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. गणनेची परिणती आकड्यात होते. पाहणीत मात्र काय पाहिले, कोठे, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत पाहिले, याची नोंद अपेक्षित असते. भारतीय पक्षिशास्त्रात ही दुसरी दृष्टी रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने सलीम अली (१८९६–१९८७) यांच्याकडे जाते. त्या दृष्टीचे मोल आणि तिची मर्यादा यांचा थोडक्यात विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सलीम अली यांच्या पूर्वी या देशात पक्ष्यांचा अभ्यास नव्हता असे नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आणि १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने विपुल सामग्री जमविली होती. परंतु त्या अभ्यासाचा मुख्य भर पक्षी मारून त्यांची कातडी जतन करणे आणि जातिउपजाती ठरविणे यांवर होता. जिवंत पक्षी कसा जगतो, हा प्रश्न त्यात गौण होता.

सलीम अली यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. बर्लिन येथे एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिक्षण घेऊन ते १९३० साली परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. नोकरी नसल्यामुळे अलिबागजवळील किहीम येथे राहावे लागले आणि तेथेच त्यांना सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळण्याची संधी लाभली. नर अर्धवट घरटे विणतो. मादीने ते पसंत केले म्हणजे ते पुरे करतो, आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणावयास घेतो, हा क्रम त्यांनी प्रत्यक्ष अवलोकनाने सिद्ध केला. बंदुकीऐवजी धीर हे येथे संशोधनाचे साधन ठरले.

पुढे त्यांनी संस्थानिकांपुढे एक साधी योजना ठेवली : प्रवासाचा खर्च संस्थानाने करावा, आपण वेतन घेणार नाही. या अटीवर १९३१–३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात मोडत असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीनेही तिला विशेष महत्त्व आहे. त्यानंतर १९३३ साली त्रावणकोर व कोचीन या संस्थानांची पाहणी झाली. नमुने गोळा करण्याचे काम याही पाहण्यांत होतेच, आणि त्यांच्या वर्गीकरणाची बाजू इंग्लंडमधून ह्यू व्हिसलर सांभाळीत. परंतु स्थळ, अधिवास आणि सवयी यांच्या नोंदी सलीम अली यांच्या होत्या. या नोंदींचे मोल उत्तरोत्तर वाढत गेले. १९३३ साली पाहिलेल्या तट्टेकाडच्या वनाची पक्षिसंपदा त्यांच्या स्मरणात राहिली. तेथे १९८३ साली अभयारण्य झाले. पाऊण शतकानंतर, २००९ साली, केरळमधील अभ्यासकांनी त्यांच्याच मार्गाने जाऊन पुन्हा पाहणी केली. स्थळ आणि काळ नेमके नोंदलेले असल्याखेरीज अशी तुलना शक्यच नसते.

तथापि संरक्षणाच्या क्षेत्रात अनुभवी दृष्टीही चुकू शकते, हे भरतपूरच्या उदाहरणाने ध्यानात येते. तेथील पाणथळीत गुरे चरल्याने पक्ष्यांना अपाय होतो, असे सलीम अली व त्यांचे सहकारी मानीत. १९८२ साली चराईवर बंदी आली. तिच्याविरुद्धच्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबाराने काही ग्रामस्थ प्राणास मुकले. नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० पासून सुमारे दहा वर्षे तेथे जो अभ्यास चालविला, त्यातून मात्र निराळाच निष्कर्ष निघाला. म्हशींची चराई पाण्यातील गवतास आवर घालीत होती. ती थांबताच गवत माजले, मोकळे पाणी आक्रसले आणि कित्येक पाणपक्ष्यांना ती जागा गैरसोयीची झाली.

ज्या संस्थेशी सलीम अली यांचे आयुष्य निगडित होते, त्याच संस्थेच्या पाहणीने त्यांचे मत खोटे ठरविले, ही गोष्ट त्यांच्या कार्यास उणेपणा आणणारी आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. पाहणीने मताची परीक्षा करावी, हाच तर किहीमच्या घरट्यांखाली त्यांनी घालून दिलेला धडा होय. खेद एवढ्याचाच वाटतो की भरतपूर येथे निर्णय आधी झाला आणि पाहणीचे फलित मागाहून हाती आले. आणि मधल्या काळातील चुकीची किंमत त्या पाणथळीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या माणसांनी मोजली. त्या माणसांनाही त्या गवताचे ज्ञान होते. पाहणीत त्यांना विचारून पाहणेही अंतर्भूत असते, हे मान्य केल्यासच तो शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने वापरता येईल.