डोक्यातली यादी आणि पीडीएफमधली यादी

बऱ्याच जणांचा एकच मेसेज होता: इलेक्शनच्या दिवसांत आपलं नाव, बूथ, यादीतला अनुक्रमांक, सगळं उमेदवाराच्या माणसांना कसं काय माहीत असतं? तर आजचा भाग त्यावर.

मी पनवेलचा, कोड लिहून पोट भरतो. मध्यंतरी एका मित्राने गळ घातली, वॉर्डातल्या एका उमेदवारासाठी मतदार शोधायचं ॲप करून दे. म्हटलं, दोन रात्रींचं काम. दोन आठवडे लागले. यादीची पीडीएफ म्हणजे नुसती चित्रं असतात, २०१८ पासून आयोग ती तशीच देतो. एका पानावर ३० नावं. ओसीआरने वाचायला गेलं की 'म्हात्रे'चं काहीही होतं. घर क्रमांकाच्या जागी कुठे शून्य, कुठे नुसती रेघ. आणि मोबाईल नंबर त्यात नसतोच बरं का! तो येतो हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉमधून, आरोग्य शिबिराच्या फॉर्मवरून, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. आपणच दिलेला असतो.

याद्यांचा घोळ मात्र पहिल्या निवडणुकीइतका जुना आहे. १९५१-५२ ला सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार नोंदवले गेले. पण नोंदणीला आलेल्या माणसाला अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, अशा नोंदी चालणार नाहीत. जवळपास २८ लाख स्त्रिया यादीबाहेर गेल्या, बहुतेक उत्तरेकडच्या.

आता आपल्याकडे या. पनवेल म्हणजे कित्येक वर्षं शेकापचा, शेतकरी कामगार पक्षाचा, गड. दि. बा. पाटील १९५७ पासून इथून पाच वेळा आमदार झाले. तेव्हा डेटा होता का? होता की, कार्यकर्त्याच्या डोक्यात. कोणाची भावकी कुठली, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणाची सून माहेरी गेलीय. ही सवय निवडणुकीतून आलेली नाही, त्याच्याही आधीची आहे. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. इतकी वर्षं संप टिकवायचा तर आज कोणाच्या घरात चूल पेटली नाही, हे कोणाला तरी रोज माहीत असावं लागतं. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोविरुद्धच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या दिवशी हजारो लोक रस्त्यावर आले होते ते व्हॉट्सॲपच्या मेसेजवर नाही.

ज्या सिडकोशी हे भांडण होतं तिनेच पनवेलची यादी बदलून टाकली. सिडको आली १९७० ला. मग नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर. सातारा, कोल्हापूर, कोकण, विदर्भ, बिहार, केरळ, कुठून कुठून माणसं आली. गेटवर वॉचमन, वहीत सही करा, मगच वर जा. डोक्यातली यादी त्या गेटपाशी संपली. चौथ्या मजल्यावर कोण राहतं हे शेजाऱ्यालाही माहीत नसताना कार्यकर्त्याला कुठून असणार? तिथे छापील यादीच लागते, आणि प्रत्येक पानाला एक माणूस. भाजप त्याला पन्नाप्रमुख म्हणतं. २०२४ च्या विधानसभेला पनवेलमध्ये साडेसहा लाखांच्या आसपास मतदार होते, राज्यातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक. भाजपचे प्रशांत ठाकूर शेकापच्या बाळाराम पाटलांपेक्षा सुमारे ५१ हजार मतांनी पुढे राहिले. हे नुसतं याद्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण एवढ्या माणसांना तोंडओळखीवर बूथपर्यंत आणणं कोणत्याच पक्षाला जमणारं नव्हतं.

माझं ॲप एका जुन्या कार्यकर्त्याला दाखवलं. काकांनी एक घर उघडलं, अकरा नावं. "यातले दोघं वारले. ही पोरगी लग्न होऊन पेणला गेली. याचं नाव गावालापण आहे, तो तिकडेच मत टाकतो." ॲपमध्ये अकराही ठिपके हिरवेगार! याच दुबार नावांवरून १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत विरोधकांचा मोर्चा निघाला, तुम्ही रील्स पाहिले असतील. काकांनी ते सगळं खिशातल्या पेन्सिलीने प्रिंटआऊटवर केलं. मी ते नंतर बसून टाईप केलं.

पण मला जास्त खटकणारी गोष्ट वेगळी आहे. मतपत्रिकांच्या काळात, मतदारांना कोणी धाक दाखवेल अशी भीती असेल तिथे, सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मिसळून मग मोजायचा आदेश आयोग देऊ शकत असे. कोणत्या गावाने कोणाला दिलं, कळायचं नाही. २००४ च्या लोकसभेला देशभर ईव्हीएम आलं. मशीन बूथवार आकडा देतं, आणि तो फॉर्म २० मध्ये जाहीर होतो. तुमचं एकट्याचं मत गुप्तच आहे. पण मोठ्या संकुलात एक-दोन बूथ पूर्ण त्याच बिल्डिंगांचे असतात, तिथे बिल्डिंगचं मत गुप्त कुठे राहिलं? मशीनचे आकडे एकत्र करून दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये मांडला, विधी आयोगाने २०१५ मध्ये तीच शिफारस केली. अजून ते आलेलं नाही. आणि पनवेलमध्ये उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कोणत्या सोसायटीला आधी जाणार, हा प्रश्न किती मोठा असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर फॉर्म २० मिळतो. मी आमच्या बूथचा काढला. आमच्या बिल्डिंगांनी कोणाला दिलं ते पाच मिनिटांत कळलं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार होतो, मग नाही टाकलं.