पी-५३ प्रथिन आणि त्याची प्रतिपिंडे : एका गैरसमजाचा इतिहास

कर्करोगाच्या गाठीच्या पातळ कापावर पी-५३ या प्रथिनाचे प्रतिपिंड सोडून रंगक्रिया केली, की अनेक गाठींत पेशींची केंद्रके गडद तपकिरी दिसतात. पी-५३ हे तर अर्बुद रोखणारे प्रथिन. मग ते कर्करोगाच्याच पेशींत इतके का साठावे? या प्रश्नाचे उत्तर सापडायला दहा वर्षे लागली.

एसव्ही-४० हा माकडांतील विषाणू हॅमस्टरच्या पिलांत गाठी निर्माण करतो. अशा प्राण्यांच्या रक्तद्रवात विषाणूच्या टी-प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड आणि प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिंझर व अर्नोल्ड लेव्हिन प्रतिपिंडांच्या साहाय्याने टी-प्रतिजन वेगळे करत होते. तेव्हा त्याला चिकटून पेशीचे स्वतःचे एक प्रथिनही आले. जेलवर त्याचे वजन सुमारे ५३ हजार डाल्टन भरले आणि त्यावरूनच नाव पडले. मानवी पी-५३चे खरे वजन सुमारे ४४ हजार डाल्टन आहे. त्यातील प्रोलीनयुक्त भागामुळे ते जेलमधून हळू सरकते.

१९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर व सेझार मिल्स्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची पद्धत शोधली होती. तिचा वापर करून १९८१ साली एड हार्लो, क्रॉफर्ड व सहकाऱ्यांनी पीएबी-४२१ हे प्रतिपिंड तयार केले. आता पी-५३ सहज शोधता येऊ लागले. ते गाठींच्या पेशींत भरपूर आढळे, निरोगी पेशींत जवळजवळ नाही. १९८४ साली हे जनुक रास जनुकासोबत पेशींत घातल्यावर त्या कर्करोगी झाल्या. साहजिकच पी-५३ हे कर्करोग घडवणारे प्रथिन मानले गेले.

१९८९ साली हा निष्कर्ष उलटला. बाल्टिमोरमध्ये बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगात या जनुकाची एक प्रत गमावलेली आणि दुसरी उत्परिवर्तित आढळली. त्याच वर्षी लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की मूळ जनुक पेशींना कर्करोगी होण्यापासून रोखते. आधीच्या प्रयोगांत वापरलेली जनुके उत्परिवर्तित होती!

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळा. निरोगी पेशीत पी-५३ तयार होताच काही मिनिटांत नष्ट केले जाते, म्हणून ते क्वचितच दिसते. बिघडलेले पी-५३ मात्र बहुधा टिकते आणि साठत जाते. म्हणजे गडद रंग हा रक्षक हजर असल्याचा नव्हे, तर बहुधा तो बिघडल्याचा पुरावा असतो. पुढे १९९० साली लेन यांच्या गटाने पीएबी-२४० या प्रतिपिंडाचे कार्य उलगडले. प्रथिनाची घडी बिघडली, की एरवी आत लपलेला भाग उघडा पडतो आणि हे प्रतिपिंड त्यालाच चिकटते. १९९२ साली आलेली डीओ-१ व डीओ-७ ही प्रतिपिंडे मात्र मूळ व बिघडलेले, दोन्ही प्रकार ओळखतात. डीओ-७ आजही विकृतिशास्त्र प्रयोगशाळांत वापरले जाते.

लक्षात ठेवा : प्रतिपिंड प्रथिनाची उपस्थिती सांगते, त्याचे कार्य नाही.

विचार करा : एखाद्या गाठीत पी-५३चा रंग मुळीच उमटला नाही, तर जनुक निरोगी आहे असे म्हणता येईल का? जनुकाच्या दोन्ही प्रती नष्ट झाल्या असतील, तर काय दिसेल?