परत न जाणारे पक्षी, शिकवणारे पक्षी

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट पॉल येथील परिसरात 'द रॅप्टर सेंटर' हे शिकारी पक्ष्यांचे रुग्णालय आहे. डॉ. गॅरी ड्यूक आणि डॉ. पॅट्रिक रेडिग यांनी १९७४ मध्ये ते सुरू केले. गरुड, ससाणे, घुबडे असे सुमारे १,००० पक्षी दरवर्षी येथे उपचारांसाठी दाखल होतात. बऱ्या झालेल्या पक्ष्याला निसर्गात सोडणे हे पुनर्वसनाचे मूळ उद्दिष्ट. पण ते प्रत्येक वेळी साधत नाही. पंखाचे हाड जुळले तरी सांधा आखडलेला राहतो. माणसाच्या हातून भरवलेले पिल्लू माणसालाच सजातीय समजू लागते. असे पक्षी रानात तग धरू शकत नाहीत.

नियम काय सांगतो?

१९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यामुळे हे पक्षी हौसेखातर बाळगता येत नाहीत. लोकशिक्षणासाठी ठेवायचे तरी परवाना लागतो. पूर्णपणे अंध झालेल्या किंवा पाय अथवा कोपरापासून पंख कापावा लागेल अशा पक्ष्याला विशेष अनुमती नसल्यास दयामरण द्यावे, असा केंद्रीय नियम आहे. जीव वाचवणे म्हणजे कायमची वेदना लादणे नव्हे, हा त्यामागील विचार.

निवड आणि धडे

उरलेल्यांपैकीही मोजकेच पक्षी लोकांसमोर येतात. गर्दीला सतत बिचकणाऱ्या पक्ष्याला या कामाला जुंपणे क्रौर्यच ठरेल. निवडलेल्या पक्ष्याला खाद्याचे आमिष दाखवून चामडी हातमोज्यावर बसण्याची सवय लावतात आणि त्याचे वजन नियमितपणे तपासतात. प्रेक्षकांना त्याला हात लावू देत नाहीत. हा पाळीव प्राणी नव्हे, हाच पहिला धडा.

पुढचे धडे जखमेच्या कारणांचे असतात. शिकाऱ्याने रानात टाकलेल्या हरणाच्या आतड्यांत गोळीतील शिशाचे कण राहतात. ती खाऊन बाल्ड ईगल या गरुडाला विषबाधा होते. तांब्याच्या गोळ्या हा त्यावरचा पर्याय. मोटारीतून रस्त्याकडेला फेकलेल्या खाद्यावर उंदीर येतात, उंदरांमागे घुबड येते आणि वाहनाला धडकते. उंदरांना घातलेले विषही घुबडाच्या पोटात जाते.

सवयी आणि धोरणे बदलली की फरक पडतो, याचा दाखला याच गरुडाने दिला आहे. अंड्यांची कवचे पातळ करणाऱ्या डीडीटीवर अमेरिकेने १९७२ मध्ये बंदी घातली. २००७ मध्ये हा गरुड संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

महाराष्ट्रात संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांजाने घारींचे पंख चिरतात. तेथेही उपचारांपेक्षा जखम टाळणे सोपे; हातातला मांजा बदलला, तरी पुष्कळ साधेल.