पुसली न जाणारी फाइल : मेणाच्या तबकडीपासून सीडीपर्यंत

१/ सीडीवरची गाणी संगणकावर उतरवून घेतली, की कधी कधी फोल्डरात एक अनोळखी फाइल मागे राहते. नावाच्या शेवटी टीएमपी, आकार एमपीथ्रीच्या दहापट, आणि पुसायला जावे तर संगणक सांगतो, 'ही फाइल वापरात आहे.' तक्रार क्षुल्लक वाटते. पण ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात अशी 'तात्पुरती' वस्तू जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर भेटते. आजचा थ्रेड तिच्याविषयी.

२/ सुरुवात आमच्या धरमतरपासून करू. अंबा नदीच्या मुखाशी असलेल्या या खाडीचे काम पूर्वीपासून एकच : माल एका वाहनातून उतरवायचा आणि दुसऱ्यात चढवायचा. आगबोटीच्या काळात मुंबईहून आलेला उतारू येथे उतरून पेणची वाट धरी. आज डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जमधून याच खाडीत येतो. धक्क्यावरचा माल तेथे राहण्यासाठी नसतो. पण पुढचे वाहन येईपर्यंत तो कोणी हलवू शकत नाही. संगणकातील तात्पुरती फाइल म्हणजे असाच धक्क्यावरचा माल होय.

३/ आता १९०२ मध्ये जाऊ. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले. गाणे थेट लाखेच्या तबकडीवर उतरत नसे. गायिका कर्ण्यात गाई आणि सुई मेणाच्या जाड चकतीवर खाच कोरी. ही मेणाची चकती म्हणजे त्या काळातील तात्पुरती फाइल. ती वाजवून पाहावी तर मऊ मेणावरची खाच बिघडे; म्हणून आपण कसे गायलो, हे त्या क्षणी कलावंताला कळण्याची सोय नव्हती. काम झाल्यावर मेणाचा पृष्ठभाग तासून चकती पुन्हा वापरता येई.

४/ त्या वेळी भारतात तबकड्या छापण्याचा कारखाना नव्हता. ही मेणे जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तेथील कामगारांना ना भाषा कळे, ना गायिका माहीत. म्हणून गाणे संपताच गायकाने आपले नाव मोठ्याने सांगावे, अशी पद्धत पडली, असे या प्रथेचे कारण दिले जाते. गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीतून आपले नाव सांगते ते यामुळेच. ती सूचना कारखान्यासाठी होती, श्रोत्यासाठी नव्हे. पण खाचेत कोरलेले पुसता येत नाही. ती तात्पुरती खूण आज त्या मुद्रिकांची सर्वांत प्रिय ओळख ठरली आहे.

५/ पेणच्या वाचकांना पुढची पायरी समजावून सांगण्याची गरज नाही. गणपतीच्या कारखान्यात मूळ मूर्तीवरून साचा निघतो आणि साच्यावरून शेकडो मूर्ती. तबकडीचेही तसेच : मेणावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढीत, त्यावरून सुलटी धातूची प्रत आणि तिच्यावरून छपाईचे साचे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या भारतातच छापल्या जाऊ लागल्या. मेण गेले तरी चाले. साचा गेला की मात्र नवी छपाई संपली.

६/ या साखळीत ज्याचा आवाज आला नाही, तो कायमचा गेला. किर्लोस्कर मंडळीतील भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले. गैसबर्ग आले त्याच्या पुढच्या वर्षी. ज्यांचे आवाज तबकडीवर आले, त्यांचेही गाणे एका बाजूला सुमारे तीन मिनिटे एवढेच मावे. म्हणून जुन्या मुद्रिकांतील प्रत्येक सेकंद मोलाचा. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संस्थेला हे मोल नेमके उमगले होते.

७/ १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांची सीडी बाजारात आली. खाचेच्या जागी आकडे आले : प्रत्येक सेकंदाला, प्रत्येक बाजूच्या आवाजाची ४४,१०० मोजमापे, प्रत्येक १६ बिटांचे. गंमत अशी, की गाण्याच्या सीडीवर संगणकाच्या अर्थाने फायलीच नसतात. एक अखंड प्रवाह असतो आणि कोणते गाणे कोठे सुरू होते याची अनुक्रमणिका असते. विंडोजमध्ये सीडी उघडल्यावर दिसणाऱ्या सीडीए फायली अवघ्या ४४ बाइटच्या, म्हणजे नुसत्या पाट्या. त्या कॉपी करून घरी नेलेल्या अनेकांना गाणे का वाजत नाही हे कळत नसे.

८/ म्हणून गाणे 'रिप' करावे लागते. प्रोग्रॅम तो प्रवाह वाचून आधी कच्ची डब्ल्यूएव्ही फाइल बनवतो. एका मिनिटाला सुमारे एक कोटी सहा लाख बाइट. चार मिनिटांच्या गाण्याला ४२ एमबी. मग दुसरा प्रोग्रॅम तिचे एमपीथ्री करतो. हे नाव जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी १९९५ मध्ये निश्चित केले. १२८ केबीपीएस दराने तेच गाणे चार एमबीच्या आत बसते. वीस भरगच्च सीडींच्या कच्च्या फायली ठेवायच्या तर १५ जीबी हवेत. तेव्हाच्या घरगुती संगणकाला हे परवडणारे नव्हते; काम होताच कच्ची फाइल पुसण्याची रीत त्यातून पडली.

९/ मग ती कधी कधी पुसली का जात नाही? एका वेळी अनेक प्रोग्रॅम एकच फाइल उघडू लागले, तेव्हा एकाचे लिहिणे दुसऱ्याने बिघडवू नये, याची तरतूद करावी लागली. १९८४ च्या डॉस ३.० मध्ये ती आली आणि विंडोजने तीच शिस्त पुढे चालवली : सामायिक वापराची मुभा न देता एखाद्याने फाइल उघडली असेल, तर इतरांना ती पुसता येत नाही. युनिक्सची परंपरा निराळी. तेथे नाव लगेच काढून टाकता येते. मजकूर मात्र शेवटचा वापरकर्ता हात सोडेपर्यंत डिस्कवर जिवंत राहतो. दोन्हींचा आशय एकच : कोणीतरी धरून ठेवले आहे तोवर वस्तू नष्ट होत नाही.

१०/ उपाय क्रमाने करावेत.
प्रथम फाइलची प्रत दुसऱ्या फोल्डरात घेता येते का पाहावे. कारण नीट बंद होताना काही प्रोग्रॅम अशा फायली स्वतःच पुसून टाकतात.
मग रिपिंगचा प्रोग्रॅम बंद करावा. तरीही अडचण असल्यास टास्क मॅनेजरमध्ये मागे रेंगाळणारी प्रक्रिया शोधून थांबवावी. फाइल कोणी धरली आहे, हे रिसोर्स मॉनिटरमध्ये नाव घालून शोधता येते. पुष्कळदा तो फाइल तपासणारा अँटीव्हायरस असतो.
त्यानेही न भागल्यास संगणक पुन्हा सुरू करावा किंवा सेफ मोडमध्ये जाऊन पुसावे.

११/ एवढ्यावरही फाइल हटत नसेल, तर दोष नावात असू शकतो. जुन्या विंडोजमध्ये पूर्ण मार्ग २६० अक्षरांपलीकडे गेला की फाइल हाताळता येत नाही. गायक, राग, नाटक आणि वर्ष सगळे नावात घातले की ही मर्यादा लवकर येते. अशा वेळी वरच्या फोल्डरांची नावे आखूड करावीत. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असली तरी घोळ होतो. शेवटची शक्यता डिस्कच्या बिघाडाची. तेव्हा पुसण्याचा हट्ट सोडून आधी बाकीचा संग्रह सुरक्षित करावा आणि मगच चेकडिस्क चालवावे.

१२/ 'आधी प्रत घ्या' हा सल्ला कोठून आला, ते सांगतो. आमच्या गावच्या भजनी मंडळाची एक कॅसेट कोणीतरी सीडीवर उतरवून दिली होती. खाडीकाठच्या दमट हवेत ती सीडी वीसेक वर्षे कपाटात पडून होती. मी ती रिप केली. डिस्क भरली, एमपीथ्री मध्येच तुटले आणि एक टीएमपी फाइल अडून बसली. चिडून तिला पुसण्याचे सगळे प्रयत्न मी केले. एकही साधला नाही. जागा मोकळी करून सीडी पुन्हा घातली, तर आता ड्राइव्हला ती वाचताच येईना.

१३/ तेव्हा सुचले, की सीडीचे वाचन आधी पूर्ण झाले असणार. अडले ते पुढचे रूपांतर. फाइलची प्रत घेतली, नावाचा शेवट बदलून डब्ल्यूएव्ही केला आणि वाजवली. अभंग पूर्ण होता. पखवाज थांबल्यावर थोडी शांतता, आणि मग आजोबांचा आवाज : 'झालं का रे बंद?' ते वाक्य यंत्रापाशी बसलेल्या पोरासाठी होते, आमच्यासाठी नव्हे. घरात त्यांचा बोलतानाचा आवाज तेवढाच आहे.

१४/ ध्वनिसंग्रहालयांचा नियम येथे आठवतो. तेथे कच्ची, न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल हीच मूळ प्रत मानून जपतात आणि एमपीथ्री फक्त ऐकण्याच्या सोयीसाठी काढतात. कारण एमपीथ्री करताना वगळलेला आवाज परत मिळत नाही. आपला घरगुती प्रोग्रॅम जिला तात्पुरती समजून पुसतो, तिलाच संग्रहालय मूळ म्हणते. डिस्क आता स्वस्त झाली आहे; जुनी रीत सोडायला हरकत नाही.

१५/ तेव्हा मित्रहो, घरातील जुन्या सीडी या पावसाळ्याआधी बाहेर काढा. कच्च्या फायली दोन ठिकाणी ठेवा. आणि एखादी फाइल पुसली जात नसेल, तर ती पुसण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत ऐका.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरच्या मुद्रिकांत असे काही चुकून राहून गेलेले सापडले असेल, तर खाली जरूर लिहा.